जुन्या जीपला डिस्क ब्रेक: ड्रम काढण्याआधी हे समजून घ्या

घरात काकांची किंवा आजोबांची जुनी जीप उभी असेल, तर ती पुन्हा रस्त्यावर आणायचा विचार कधी ना कधी डोक्यात येतोच. इंजिन सुरू होतं, बॅटरी बदलली जाते, नवे टायर बसतात. मग पहिल्याच उतारावर लक्षात येतं की गाडी पळते, पण थांबताना जीव वरखाली होतो. त्यानंतर कुणीतरी सांगतं, "अरे, डिस्क बसवून घे, टेन्शन संपेल."

टेन्शन खरंच संपतं का? संपू शकतं, पण डिस्क, कॅलिपर आणि पॅड आणून लावले की झालं, इतकं ते सोपं नाही. ब्रेक ही एक सिस्टीम आहे. तिचा एक भाग बदलला की बाकीचेही तपासावे लागतात. या लेखात विलिस घराण्यातल्या जुन्या जीप समोर ठेवून ते समजून घेऊ. अमेरिकेत १९५३ साली आलेली सीजे-३बी महिंद्राने आपल्याकडे परवान्याखाली अनेक वर्षं बनवली. ही गाडी आणि तिच्या वंशातल्या बऱ्याच जीप आजही महाराष्ट्रात फिरताना दिसतात. सीजे-३बीला चारही चाकांना ९ इंची ड्रम होते. अमेरिकेत जीपच्या सीजे मालिकेला पुढच्या डिस्क ब्रेकचा पर्याय मिळायला १९७७ साल उजाडलं.

ब्रेक नेमकं काय करतो?

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो आणि ती हवेत सोडतो. चार माणसं आणि सामान धरून जीपचं वजन १,५०० किलो समजा. ताशी ६० किमी वेगावरून ती पूर्ण थांबवायला सुमारे २ लाख ८ हजार ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. वेग ताशी ८० किमी असेल तर हाच आकडा ३ लाख ७० हजारांवर जातो. वेग ३३ टक्के वाढला, पण ब्रेकचं काम ७८ टक्क्यांनी वाढलं.

आता घाटाचं गणित बघा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५३ मीटरवर आहे. आंबेनळी घाटाने खाली पोलादपूरला येताना १,२०० मीटरपेक्षा जास्त उतरावं लागतं. १,५०० किलोची गाडी १,२०० मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे १ कोटी ७६ लाख ज्यूल. ताशी ६० वरून पूर्ण थांबणं ८० पेक्षा जास्त वेळा केल्याइतकं हे काम आहे. यातलं काही इंजिन खातं, काही हवा आणि टायर खातात. तुम्ही न्यूट्रलवर उतरलात तर इंजिनचा वाटा शून्य, आणि जवळजवळ सगळा भार ब्रेकवर.

गेम खेळताना फोन तापला की प्रोसेसर आपोआप हळू होतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तापलेल्या ब्रेकचंही तसंच होतं. याला ब्रेक फेड म्हणतात. फरक एवढाच की फोन हळू झाला तर गेम हरतो, इथे समोर वळण असतं.

ड्रममध्ये अडचण कुठे येते?

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बंद डबडं. आतले दोन शू बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि त्यांचं लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासतं. यात तीन अडचणी आहेत.

पहिली, उष्णता आत अडकते. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, म्हणजे तो शूपासून लांब जातो. त्यामुळे पेडल दर वेळी आणखी खाली जातं. डिस्क तापली की थोडी जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच सरकते.

दुसरी, पाणी. ओढा ओलांडताना ड्रममध्ये पाणी शिरलं की ते लवकर निघत नाही आणि पहिले काही ब्रेक जवळजवळ रिकामे जातात. डिस्क उघडी असते, दोन-तीन फेऱ्यांत पाणी झटकून टाकते.

तिसरी, चिखल. आत गेलेला चिखल तिथेच वाळतो आणि लायनर व ड्रम दोन्ही खातो. चिखल डिस्कलाही त्रास देतोच. पॅड लवकर झिजतात, डिस्कवर रेघा पडतात. पण ते चाकाच्या फटीतून डोळ्याला दिसतं आणि पाइपने धुता येतं.

ड्रमचा एक मोठा गुणही आहे. चाक फिरत असताना पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपोआप आणखी घट्ट दाबला जातो. म्हणजे ड्रम स्वतःच तुमच्या पायाला मदत करतो. डिस्कमध्ये अशी मदत नाही. तेवढाच ब्रेक लागायला डिस्कच्या पॅडवर बरंच जास्त बळ द्यावं लागतं. पुढच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

आधी हे करून बघा

जुन्या जीपचा ब्रेक लागत नाही, याचं कारण दर वेळी ड्रम हेच नसतं. अनेकदा ड्रम बरा असतो, पण वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे पाहिलेलं नसतं. खर्च करण्याआधी एवढं तपासा:

१. शू ॲडजस्ट केलेत का? या गाड्यांमध्ये ते हाताने करावं लागतं.
२. व्हील सिलिंडर गळतोय का? लायनर ब्रेक ऑइलने भिजलं असेल तर ते बदलाच.
३. एक्सलचं सील गळून गिअर ऑइल ड्रममध्ये येतंय का? तसं असेल तर नवं लायनरही काही दिवसांत वाया जाईल.
४. ड्रम अंडाकृती झालाय का? ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरतं. लेथवर मारून घेता येतो, पण मर्यादेपेक्षा पातळ झाला असेल तर बदलायचा.
५. रबरी होज आतून फुगलेत का? बाहेरून ठीक दिसणारा जुना होज आतून बंद झालेला असू शकतो.
६. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

एवढं करून गाडी नीट थांबायला लागली आणि तुमचा वापर गावातल्या गावात असेल, तर डिस्कची गरज नसेलही. घाट, पावसाळी ट्रेल, ओढे आणि हायवे असं सगळं करायचं असेल, तर पुढे वाचा.

पुढे डिस्क, मागे ड्रम का?

ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं आणि वजन पुढच्या चाकांवर येतं. जीप उंच आणि आखूड, त्यामुळे तिच्यात हे जास्त होतं. सीजे-३बीचा व्हीलबेस फक्त ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर आहे. १,५०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंचीवर आणि ब्रेक ०.६ जी इतका जोराचा समजा. तेव्हा सुमारे ३१० किलो भार मागून पुढे सरकतो. उभी असताना ७५०-७५० असलेली विभागणी आता पुढे १,०६० आणि मागे ४४० होते. म्हणजे ७० टक्के भार पुढे.

म्हणून आधी पुढची चाकं. बहुतेक जीपसाठी पुढे डिस्क आणि मागे चांगल्या अवस्थेतले ड्रम एवढं पुरतं.

मागेही डिस्क हवीच असेल तर हँडब्रेकचा प्रश्न येतो. विलिस घराण्याच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांत नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर वेगळ्या छोट्या ड्रममध्ये असतो. त्यामुळे मागे डिस्क लावली तरी तो जात नाही. मात्र हा हँडब्रेक लावून मागचं एकच चाक जॅकवर उचललं तर डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरू शकतं आणि गाडी सरकू शकते. जॅक लावताना बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावाच.

काय काय बदलावं लागतं?

*डिस्क आणि हब.* या जीपच्या चाकाला पाच बोल्ट असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिमी असतो. हे माप इतरही काही गाड्यांत आहे, त्यामुळे डिस्क शोधणं सोपं जातं. पण बोल्ट जुळले म्हणजे सगळं जुळलं असं नाही. हबचं मधलं भोक, डिस्कची खोली आणि रिमच्या आत कॅलिपरला मिळणारी जागा, तिन्ही मोजा. विकत घेण्याआधी रिम सोबत नेऊन बसवून बघणं सगळ्यात चांगलं.

*ब्रॅकेट.* कॅलिपर धरून ठेवणारी ही लोखंडी प्लेट म्हणजे सगळ्या कामाचा कणा. ब्रेक मारल्यावर चाक थांबवणारं सगळं बळ हिच्यातून जातं. कोपऱ्यावरच्या दुकानात अंदाजाने कापलेली आणि वेल्डिंगने चिकटवलेली पट्टी इथे नको. नीट मापाची, जाड, मशीनवर काढलेली प्लेट आणि हाय टेन्साइल बोल्टच हवेत, ८.८ किंवा १०.९ असा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो.

*कॅलिपर.* डावा-उजवा अदलाबदल करू नका. एअर काढायची निपल नेहमी वरच्या बाजूला आली पाहिजे. ती खाली आली तर हवा वर अडकून राहते आणि कितीही ब्लीड केलं तरी पेडल स्पंजसारखं लागतं.

*मास्टर सिलिंडर.* मूळ जीपमध्ये तो फ्लोअरखाली असतो आणि एकाच सर्किटचा असतो. म्हणजे चारपैकी कुठल्याही एका चाकाची लाइन फुटली की चारही ब्रेक गेले. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप नसलेला एकच सर्व्हर. ड्युअल सर्किटमध्ये पुढचा आणि मागचा भाग वेगळा असतो, एक गेला तरी दुसरा उरतो. माझ्या मते डिस्कइतकाच, कदाचित जास्तच महत्त्वाचा बदल हा आहे.

मास्टर सिलिंडरचं बोअरही बघावं लागतं. पायाने ३० किलोचा दाब दिला आणि पेडलची पट ६ असेल, तर सिलिंडरवर १८० किलो बळ येतं. १ इंची बोअरमध्ये याचा दाब होतो सुमारे ३५ किलो प्रति चौरस सेंमी. बोअर पाऊण इंचाहून थोडं मोठं, म्हणजे ७/८ इंच असेल तर तोच दाब ४६ वर जातो. दाब ३० टक्के वाढला, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जाणार. फुकट काहीच मिळत नाही. कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो, त्याला ऑइल जास्त लागतं. बोअर फारच लहान घेतलं तर पेडल फ्लोअरला टेकेल.

*बूस्टर.* डिस्क स्वतः मदत करत नाही, म्हणून बहुतेक लोक व्हॅक्यूम बूस्टर लावतात. पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतं. डिझेल इंजिनला तसं थ्रॉटल नसल्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो आल्टरनेटरच्या मागे असतो. इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये साठलेलं व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकपुरतंच उरतं, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

*व्हॉल्व्ह.* हा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआयचा. ड्रमला तो चालतो, कारण शू मागे ओढायला जोरदार स्प्रिंग असतात. डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नसते. तोच व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड कायम घासत राहतात.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. घरच्या जीपला पुढे डिस्क लावल्या, जुना मास्टर सिलिंडर तात्पुरता तसाच ठेवला आणि पहिली चक्कर मारली. दहा किलोमीटरवर जळका वास आला. हबवर पाण्याचे थेंब टाकले तर चर्र आवाज करून उडाले. नशीब, रस्ता सपाट होता. व्हॉल्व्ह काढला आणि अडचण संपली. पण हीच चक्कर घाटात मारली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

मास्टर सिलिंडर फ्लोअरखालीच, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली राहणार असेल, तर ऑइल उलटं वाहून येऊ नये म्हणून डिस्कच्या लाइनवर २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. मागच्या ड्रमच्या लाइनवर १० चा राहू द्यायचा.

मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही लागतो. डिस्कसाठी लाइनमधला दाब वाढवला की तोच दाब मागच्या ड्रमलाही जातो. मागे भार कमी, त्यात ड्रम स्वतःच घट्ट होणारा. मग मागची चाकं आधी लॉक होतात आणि आखूड जीप ओल्या रस्त्यावर गर्रकन फिरते. हा व्हॉल्व्ह मागचा दाब कमी करतो.

ब्रेक ऑइल

डॉट ३ आणि डॉट ४ हवेतली आर्द्रता शोषतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांवर उकळतं, पाणी शोषल्यावर हा आकडा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल सरळ खाली जातं. कोकणातल्या दमट हवेत तर दोन वर्षांत ऑइल बदलाच. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका.

बसवल्यावर तपासणी

१. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. होज टायरला, पाट्याला किंवा चासीला घासता कामा नये.
२. जॅक लावून चाक पूर्ण खाली लोंबू द्या. होज ताणला जातोय का बघा.
३. बेअरिंगमध्ये खेळ नको. बेअरिंग ढिलं असेल तर डिस्क डुलते, पॅड मागे ढकलले जातात आणि पुढच्या ब्रेकला पेडल अचानक खाली जातं.
४. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा.
५. इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे.
६. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू वेग कमी करा आणि मधे गाडी चालती ठेवून ब्रेक थंड होऊ द्या. नवे पॅड आणि डिस्क असे एकमेकांवर बसतात.
७. पहिल्या १०० किमीनंतर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

फोन इथेही कामाला येतो

ड्रम उघडण्याआधी स्प्रिंगची मांडणी दोन्ही बाजूंनी फोटोत घ्या, आणि एका वेळी एकच चाक उघडा.

दुसरं, फोनमधला ॲक्सेलरोमीटर. फायफॉक्स हे मोफत ॲप त्याचे आकडे नोंदवतं. फोन फ्लोअरला पक्का बांधा, सोबतच्या माणसाला रेकॉर्डिंग करू द्या आणि बंद मैदानात ताशी ४० वरून ब्रेक मारा. सरासरी ५ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदन आलं तर गाडी सुमारे १२.३ मीटरमध्ये थांबते, ६ आलं तर १०.३ मीटरमध्ये. काम करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा दहा-दहा ब्रेक सलग मारून नोंदी ठेवा.

पहिल्या ब्रेकला कदाचित फारसा फरक दिसणार नाही. गाडी शेवटी टायर थांबवतो, आणि चांगल्या अवस्थेतला ड्रमही चाक लॉक करू शकतो. डिस्कचा फायदा दहाव्या ब्रेकला दिसतो, आणि ओल्या चाकांना. पहिल्यांदा आणि दहाव्यांदा सारखंच थांबणं, यासाठीच हा खर्च आहे.

कायदा आणि इन्शुरन्स

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कायद्याने परवानगी नसलेला बदल केला, त्यात रेट्रोफिटही आलं, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून "ब्रेक सुधारतोय, त्यात काय?" असं गृहीत धरू नका. आधी आपल्या आरटीओत विचारा, उत्तर लेखी घ्या आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. पार्टची बिलं आणि कामाचे फोटो जपून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डिस्क लावली की टायर मोठे लावता येतील का?* मोठा टायर ब्रेकविरुद्ध जास्त लांबीचा दांडा वापरतो. त्यामुळे डिस्कचा काही फायदा टायरच खाऊन टाकेल. दोन्ही बदल एकदम करू नका.

*भंगारातला कॅलिपर चालेल का?* पिस्टनला गंज नसेल आणि सगळे सील नवे टाकणार असाल तर चालेल. होज आणि पॅड मात्र कायम नवेच.

*बूस्टरशिवाय डिस्क चालेल का?* बोअर आणि पेडलची पट नीट निवडली तर हलक्या जीपमध्ये चालते, पण पाय जड लागतो. घरातलं प्रत्येक गाडी चालवणारं माणूस तेवढा जोर लावू शकेल का, हे आधी बघा.

*डिस्क लावल्यावर घाट न्यूट्रलवर उतरू शकतो का?* नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावरचा तुमचा पहिला ब्रेक इंजिन आहे, डिस्कचा नंबर त्याच्यानंतर.